हायब्रिड मोटारगाडीची बॅटरी थकते तेव्हा

हैदराबादेस स्थायिक झालेल्या आमच्या एका स्नेह्यांनी काही वर्षांपूर्वी एक जुनी हायब्रिड मोटारगाडी विकत घेतली. एके दिवशी सकाळी ती चालू होईना. समोरच्या फलकावर नाना दिवे लागले, त्यांत धोक्याचा लाल त्रिकोणही होता. गाडी ओढून नेण्यात आली. आणि दुरुस्ती करणाऱ्याने ती नीट न तपासताच निर्णय दिला की, मोठी बॅटरी संपली, नवी घालावी लागेल. त्याने सांगितलेला आकडा ऐकून आमचे स्नेही गाडी मोडीत काढावयास निघाले होते. सुदैवाने एका वृद्ध मिस्त्रींनी मापक लावून पाहिला तो दोष निघाला बारा व्होल्टांच्या लहान बॅटरीचा! ती बदलताच गाडी निमूटपणे चालू लागली.

या घोटाळ्याचे मूळ असे की, अशा गाडीत बॅटऱ्या दोन असतात. लहान बॅटरी संगणक, दिवे व कुलपे चालविते. मोठी बॅटरी चाके फिरविण्यास हातभार लावते आणि पेट्रोलचे एंजिनही सुरू करून देते. १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये विक्रीस आलेली टोयोटा प्रियस ही या जातीची सर्वांत प्रसिद्ध गाडी. तिच्यात नेहमीचा स्टार्टर नसतो. म्हणून मोठी बॅटरी पार निकामी झाली तर चार माणसांनी मागून धक्का मारण्याचा आपला पिढीजात उपाय येथे चालत नाही. लहान बॅटरी दुर्बळ झाली तरीही गाडी अडून बसते. यास्तव तपासणीचा आरंभ नेहमी लहान बॅटरीपासून करावा. विश्रांत स्थितीत तिचा दाब १२.६ व्होल्टांच्या आसपास असावा. बाराच्या खाली गेला असेल तर प्रथम तिचाच समाचार घ्यावा.

आता मोठ्या बॅटरीकडे वळू. दुसऱ्या व तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये निकेल-मेटल हायड्राइड जातीची पेटी असते. तिच्यात २८ विभाग, प्रत्येक विभागात सहा घट आणि प्रत्येक घटाचा दाब १.२ व्होल्ट, सारे एकामागून एक जोडलेले, म्हणून एकूण दाब २०१.६ व्होल्ट. अशा साखळीत सर्व घटांतून एकच प्रवाह वाहतो. त्यामुळे एक घट जरी अशक्त झाला तरी तो इतरांच्या आधी रिकामा होतो व आधी भरतो, आणि उरलेल्या निरोगी घटांना त्याच्या चालीने चालावे लागते. एकत्र कुटुंबातील आजारी माणसासाठी सारे घर थांबावे, तसाच हा प्रकार.

चालविणाऱ्यास याची चाहूल दिव्याच्या कितीतरी आधी लागू शकते. भरण दाखविणारी पट्टी पूर्वी संथपणे वर-खाली होत असे, ती आता थोड्याच अंतरात पूर्ण भरते आणि एका चढावर रिकामी होते. एंजिन वारंवार चालू राहते, पेट्रोल अधिक जळते, मागचा पंखा घोंघावू लागतो. त्या पंख्याविषयी दोन शब्द अधिक सांगणे अवश्य आहे. बॅटरीस थंड ठेवणारी हवा गाडीच्या आतूनच, मागील आसनाच्या बगलेतील एका जाळीतून घेतली जाते. कुटुंब प्रवासास निघाले की त्या जाळीवर हमखास उशी, घोंगडी किंवा फराळाची पिशवी येऊन पडते! नागपूर-इंदूरच्या उन्हाळ्यात हा मार्ग बंद झाला, अथवा धूळ व कुत्र्या-मांजरांचे केस यांनी पंखा तुंबला, तर बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटते. आमच्या मते गृहिणी आणि मुले यांनी या गाडीविषयी एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुष्कळ झाले.

निदान पक्के करावयाचे ते वाचनयंत्र जोडून. ‘पी०ए८०’ हा संकेत आढळल्यास बॅटरी बदलावी असे संगणकाचे मत पडते. परंतु तेवढ्यावर थांबू नये. संगणक विभागांच्या १४ जोड्यांचा दाब वेगवेगळा मोजतो. ते आकडे गाडी उभी असताना व चढावर जोर लावताना, असे दोन्ही वेळा मागून घ्यावेत. उभ्या गाडीत बहुधा साऱ्या जोड्या सारख्याच दिसतात. भार पडताच दुबळी जोडी उघडी पडते. एखादी जोडी इतरांहून सुमारे १.२ व्होल्टांनी खाली असेल तर तिच्यातील एक घट मेला असे समजावे. क्वचित दोष घटांत नसून त्यांना जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर चढलेल्या हिरव्या कळंकाचा असतो, आणि पट्ट्या स्वच्छ केल्याने काम भागते.

घट खरोखरच गेला असेल तर तेवढाच विभाग बदलावा काय? हा मोह स्वाभाविक आहे, आणि स्वस्तही. पण बाकीचे सत्तावीस त्याच वयाचे, त्याच उन्हात भाजलेले! जुन्या धोतरास एका जागी ठिगळ लावावे तो ते दुसरीकडे फाटावे, असे होते. गाडी लवकरच विकावयाची नसेल तर संपूर्ण नवी पेटी घालणेच आम्हांस शहाणपणाचे वाटते. जुनी पेटी दुरुस्त करून विकणारे पुष्कळ आहेत. त्यांनी प्रत्येक विभागाची साठवणशक्ती मोजली काय, आणि तिचे आकडे लेखी देतील काय, हे आधी विचारावे.

हे काम घरी करण्याची हौस मात्र कोणी धरू नये. दोनशे व्होल्टांचा एकदिश प्रवाह प्राण घेऊ शकतो. जाणता कारागीर किल्ली दूर ठेवतो, लहान बॅटरीची तार सोडवितो, रबरी हातमोजे फुंकून छिद्र नाही ना हे पाहतो, आणि मगच नारिंगी रंगाची सुरक्षा-खुंटी उपसतो. त्यानंतरही निदान दहा मिनिटे तो स्वस्थ बसतो, कारण तेवढा वेळ संधारित्रांत वीज शिल्लक राहते. खुंटी काढल्याने साखळी तुटते खरी, परंतु पेटीतील तिचे तुकडे जिवंतच असतात. घटांतील द्रव तीव्र क्षार असून त्वचा व डोळे भाजतो. शिवाय दुसऱ्या पिढीच्या प्रियसची पेटीच सुमारे ३९ किलोग्रॅमची; ती एकट्याने उचलणे कमरेस महाग पडते.

नवी पेटी बसली की जुने संकेत पुसून चौदा जोड्यांचे आकडे पुन्हा चढावर तपासून घ्यावेत. पंखा काढून स्वच्छ केला काय, हेही पाहावे. तो तसाच राहिला तर नव्या पेटीचीही जुनीसारखीच गत होईल. जुनी पेटी भंगारवाल्याच्या हवाली करू नये. भारत सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांन्वये वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर घडविण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नव्या पेटीचा सौदा करतानाच जुनी परत घेतल्याची पावती मागून घ्यावी.