मिशन शाळेची शंभरी आणि रजिस्टरातील आमची माणसे

माझ्या शाळेला शंभर वर्षे पूर्ण झाली. नगर जिल्ह्यातील, म्हणजे २०२४ पासून अहिल्यानगर जिल्ह्यातील, एका तालुक्याच्या गावची ही मिशन शाळा. शाळेचे नाव मुद्दाम लिहीत नाही. जे लिहायचे आहे ते त्या एका शाळेपुरते नाही आणि तिची बदनामी करण्याचाही हेतू नाही. या शाळेने मला अक्षर दिले, हे ऋण मान्य करूनच पुढचे लिहितो.

माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झोकात झाला. मांडव, बँडपथक, पाहुण्यांना फेटे, जुन्या घंटेजवळ फोटो काढायला रांग. प्रार्थना झाली आणि मग भाषणे. प्रत्येक वक्त्याने अमेरिकन मिशनऱ्यांचे आभार मानले. मडमसाहेबांनी शिस्त लावली, इंग्रजी शिकवले, नखे कापायला शिकवले. खरेच आहे ते. स्मरणिकाही देखणी निघाली. गुळगुळीत कागद, रंगीत छायाचित्रे. डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत, परदेशी स्थायिक झालेले आहेत. मी ती पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचली. ‘अस्पृश्य’ हा शब्द तिच्यात एकदाही आलेला नाही. ‘समाजातील सर्व घटकांसाठी ज्ञानाची दारे खुली झाली’ असे एक गोड वाक्य आहे, तेवढेच.

सर्व घटक म्हणजे कोण? दारे खुली झाली तेव्हा आत कोण शिरले?

याचे उत्तर शाळेच्या कार्यालयातील लोखंडी कपाटात आहे. पंगत बसली तेव्हा मी तिकडे गेलो. तिथले लिपिक मला चांगले ओळखतात, कारण पक्षकारांच्या कामासाठी वर्षातून पाच-सहा वेळा माझी तिथे फेरी असतेच. ‘वकीलसाहेब, आज तरी जेवून घ्या की,’ म्हणाले, पण किल्ली काढून दिली. जनरल रजिस्टर क्रमांक एक. कापडी बांधणी, कडा वाळवीने खाल्लेल्या, शाई तपकिरी पडलेली. पहिल्या पानावर महार, महार, मांग, ख्रिस्ती, महार, ख्रिस्ती. दुसऱ्या पानावर तेच. पाटलाचा, वाण्याचा, बामणाचा मुलगा शोधायला बरीच पाने उलटावी लागतात. शाळा सोडण्याच्या कारणाचा रकाना वाचला की गळा दाटून येतो. ‘कामास गेला.’ ‘मुंबईस गेला.’ ‘गैरहजर.’ माझ्या आजोबांच्या नावापुढे ‘कामास गेला’ असेच आहे. इयत्ता दुसरी.

स्मरणिकेत या माणसांपैकी एकही नाही.

जे कधी जात पडताळणी समितीच्या पायऱ्या चढले आहेत त्यांना या रजिस्टराचे मोल सांगायला नको. अनुसूचित जातीचा दावा करणाऱ्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आपल्या समाजाकडे १९५० पूर्वीचा कोणता कागद असणार? सातबारा नाही, घराचा उतारा नाही, कित्येकांची जन्मनोंदही नाही. आजोबा-पणजोबा शाळेत दोन वर्षे जरी गेले असतील तर जनरल रजिस्टरातील ती एक ओळ आज नातवाची नोकरी, नातीचा मेडिकलचा प्रवेश, सरपंचपद वाचवते. आणि नगरसारख्या जिल्ह्यात ती ओळ बऱ्याचदा मिशन शाळेच्याच रजिस्टरात सापडते, कारण गावच्या शाळेत आपल्या पोराला एक तर घेतले नाही किंवा ओट्याबाहेर बसवले.

हा प्रकार अडाणी गावकऱ्यांनी केला आणि इंग्रज सरकार मात्र उदार होते, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८२० च्या दशकात शिक्षणावर लिहिलेले टिपण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात समोर आणले. एल्फिन्स्टन म्हणतो की, मिशनऱ्यांच्या अनुभवाप्रमाणे सर्वांत खालच्या जातींची मुले सर्वांत चांगली विद्यार्थी ठरतात. परंतु त्यांना खास उत्तेजन देताना सावध राहिले पाहिजे, कारण शिक्षण आधी त्यांच्यात रुजले तर वरच्या जाती त्याच्याकडे पाठ फिरवतील. पुन्हा वाचा. सर्वांत चांगले विद्यार्थी, म्हणून सावधगिरी! १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला आणि मुंबई सरकारने त्या मुलाची बाजू घेतली नाही, ते याच धोरणाचे फळ होते.

अशा काळात मिशन शाळेचे दार उघडे होते, ही साधी गोष्ट नव्हे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ साली नगरला आले. सिंथिया फरार ही अविवाहित शिक्षिका १८३९ मध्ये मुंबईहून नगरला आली, मुलींच्या शाळा चालवत राहिली आणि १८६२ मध्ये नगरलाच वारली. जोतीराव फुले यांनी मित्र सदाशिव गोवंडे यांच्यासोबत तिची शाळा पाहिली आणि पुण्यात १८४८ साली मुलींची शाळा काढली. ही प्रेरणा नगरच्या शाळेची होती, हे जोतीरावांनी स्वतः १८५३ मध्ये ‘ज्ञानोदय’ला सांगितले आहे. ते स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. त्याच ‘ज्ञानोदय’ने १८५५ साली मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतील मांग विद्यार्थिनीचा निबंध छापला. मांग-महारांच्या दुःखाविषयी त्याच समाजातील मुलीने केलेला तो जाब होता. मेळाव्यात एकाही वक्त्याने मुक्ताचे नाव घेतले नाही. फरारबाईंचे घेतले. दोन्ही घेता आली असती.

माझा आक्षेप इथेच आहे. शाळा उघडणाऱ्याचे आभार मानायचे आणि शाळेत शिरणाऱ्याचे नाव वगळायचे, ही उपकाराची भाषा झाली. महारवाड्यातला बाप पोराला शाळेत घालत होता तेव्हा त्याला गावची बोलणी बसत होती, कधी काम बंद होत होते, कधी ‘बाटला’ म्हणून आपल्याच भावकीतला हुक्का-पाणी तुटत होता. जोखीम त्याने घेतली. मिशनऱ्यांच्या हाताखाली खेड्यापाड्यांत शिकवणारे बहुतेक मास्तर तरी कोण होते? आपल्यातलेच.

आता त्याच रजिस्टरातील दुसरी गोष्ट.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक तरुण आला. त्याचा आजा आणि त्या आज्याचा थोरला भाऊ दोघेही या शाळेत होते. एकाच घरातले, एकाच आईचे. थोरल्यापुढे जात ‘महार’ लिहिली आहे. तीन वर्षांनी आलेल्या धाकट्यापुढे ‘ख्रिस्ती’. मधल्या काळात घराने बाप्तिस्मा घेतला असावा किंवा मास्तरांनी उत्साहात लिहिले असावे, आता कोण सांगणार? पुढे थोरल्याच्या मुलांनी बाबासाहेबांसोबत धम्म स्वीकारला. त्याच्या नातीला पडताळणी समितीचे प्रमाणपत्र मिळाले, ती आज सरकारी नोकरीत आहे. धाकट्याचे घर चर्चमध्येच राहिले. वस्ती तीच, भिंतीला भिंत, पाण्याच्या टाकीवर ऐकावी लागणारी बोलणी तीच. पण अनुसूचित जातींच्या १९५० च्या राष्ट्रपती आदेशातील तिसरा परिच्छेद सांगतो की हिंदू, शीख व बौद्ध यांखेरीज अन्य धर्माचा माणूस अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. शीख त्यात १९५६ मध्ये आले, आपण बौद्ध १९९० मध्ये. त्या तरुणाला मी खरे ते सांगितले की, आजच्या कायद्यात तुझा दावा टिकणार नाही. तो काही बोलला नाही. रजिस्टराची झेरॉक्स घडी करून खिशात ठेवली आणि गेला.

सुसाई विरुद्ध भारत सरकार या १९८५ च्या खटल्यात मद्रासमधला रस्त्याकडेचा एक चर्मकार सर्वोच्च न्यायालयात गेला होता. त्याच्या शेजारी बसणाऱ्या हिंदू चर्मकारांना सरकारने फुकट टपऱ्या दिल्या, त्याला नाकारली, कारण तो ख्रिस्ती. न्यायालयाने म्हटले की, धर्मांतरानंतरही जातीचे अपंगत्व तेवढेच तीव्र राहते, हे पुराव्याने दाखवा. चपला शिवत रस्त्यावर बसलेल्या माणसाने आणखी कोणता पुरावा आणायचा? २०१५ मध्ये के. पी. मनू प्रकरणात ख्रिस्ती झालेल्याच्या वंशजाला, तो पूर्वधर्मात परतला व जातीने त्याला स्वीकारले तर, जातीचा दर्जा परत मिळू शकतो, असा निकाल आला. म्हणजे परत या, मग देऊ. या प्रश्नावर केंद्राने २०२२ साली माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला.

वाटेकरी वाढतील म्हणून आपल्यातले काही बांधव या मागणीवर नाराज होतात, हे मला ठाऊक आहे. बैठकांमध्ये मी त्यांचे ऐकले आहे. भीती खोटी नाही. म्हणून कोटा वाढवून द्या, अशी मागणी सोबत केली पाहिजे. पण १९५६ ते १९९० ही चौतीस वर्षे केंद्राच्या सवलतींच्या दाराबाहेर उभे राहिलेल्या समाजाने दार लावून घेण्याची भाषा करावी, हे मला पटत नाही.

आता शाळेकडे वळतो, कारण दार तिथेही आहे. मराठी माध्यमाच्या तुकड्या रोडावल्या आहेत. आवारात विनाअनुदानित इंग्रजी माध्यम सुरू झाले आणि त्याची फी ऐकून महारवाड्यातला, आता ‘भीमनगर’ म्हणतात, पालक फाटकावरूनच मागे फिरतो. शिक्षण हक्क कायद्यातील पंचवीस टक्के जागा इथे नाहीत. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना त्यातून वगळले आणि २०१४ च्या प्रमती निकालाने अनुदानित अल्पसंख्याक शाळांनाही सूट मिळाली. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी प्रमती निकालाविषयी शंका व्यक्त करून तो फेरविचारासाठी सरन्यायाधीशांकडे पाठवला.

कलम ३० च्या मी विरोधात नाही, हे स्पष्ट लिहितो. मिशन शाळांवर मोर्चे काढणाऱ्या मंडळींच्या रांगेत मला बसायचे नाही. अल्पसंख्याकांच्या हक्कांची भिंत पडली तर तिच्याखाली आपणही सापडू. संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये बाबासाहेबांनी अल्पसंख्याक या शब्दाचा अर्थ किती रुंद आहे हे सांगताना बंगालात जाऊन राहिलेल्या मराठी माणसाचे उदाहरण दिले होते. तो हक्क संस्कृती टिकवण्यासाठी आहे. परंतु सूट मिळाली म्हणजे मनाई झाली, असा अर्थ कोणत्या निकालात आहे? शाळेने आपणहून पंचवीस टक्के जागा गरीब मुलांना दिल्या तर तिला कोण अडवणार आहे? दलित ख्रिस्ती मुलाला तरी आधी घ्या! आमच्या शाळेत तोही फाटकाबाहेरच आहे.

बाबासाहेबांनी धर्मांतरित ख्रिस्ती लोकांच्या स्थितीविषयी जे लिखाण करून ठेवले, ते त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या पाचव्या खंडात आहे. मिशनचा शिक्षणावर व दवाखान्यांवर होणारा प्रचंड खर्च बहुतांशी उच्चवर्णीय हिंदूंच्या पदरात पडतो, अस्पृश्यांतून आलेल्या ख्रिस्ती माणसाला त्याचा उपयोग नाही, असे त्यांनी रोखठोक लिहिले आहे. आमच्या शाळेच्या इंग्रजी माध्यमाच्या फाटकाशी सकाळी साडेसातला उभ्या राहिलेल्या मोटारी पाहिल्या की तो मजकूर जुना झालेला नाही, हे दिसते.

दुपारच्या सत्रात माजी विद्यार्थी निधीचा विषय निघाला. मंचावरून घोषणा झाली की, जमलेल्या पैशातून शताब्दी प्रवेशद्वार बांधायचे. दगडी कमान, वर घंटा, दोन्ही बाजूंना देणगीदारांची नावे. मी हात वर केला. म्हणालो, कमानीआधी दोन कामे करा. १९५० पूर्वीची सगळी रजिस्टरे स्कॅन करून घ्या, वाळवी कोणाची वाट पाहत नाही. आणि उतारा मागायला येणाऱ्या म्हाताऱ्याला चार खेपा घालायला लावू नका. दुसरे, निधीच्या व्याजातून पहिलीच्या वर्गात वस्तीतल्या मुलांची फी भरा, त्यांचा धर्म न विचारता. मांडवात क्षणभर शांतता झाली. मग माझ्याच वर्गातला, आज पुण्यात बांधकाम व्यवसायात असलेला मित्र म्हणाला, ‘अरे, आनंदाच्या दिवशी जात कशाला काढतोस?’ टाळ्याही पडल्या. मी म्हणालो, जात मी काढली नाही, कपाटातल्या रजिस्टरात आहे, चल दाखवतो. तो आला नाही. मात्र पाळकसाहेब आले. वयस्कर गृहस्थ, चष्मा पुसत बराच वेळ पाने पाहत राहिले. त्यांच्या वडिलांची नोंद आम्हाला तिसऱ्या रजिस्टरात सापडली. त्यांनी बोट ठेवून वाचली आणि म्हणाले, ‘ठराव लिहून द्या, मी अनुमोदन देतो.’

ठराव लिहून दिला आहे. समितीची बैठक पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आहे. प्रवेशद्वाराचा रंगीत नकाशा मात्र सूचनाफलकावर आधीच लागला आहे. तालुक्यातल्या आणि बाहेर गेलेल्या, या शाळेत शिकलेल्या बौद्ध, मातंग, ख्रिस्ती सर्वांना मी कळवले आहे की, बैठकीला या, आणि येताना आजोबांचे नाव व साधारण वर्ष लिहून आणा. लिपिकांनी त्या दिवशी कपाट उघडे ठेवायचे कबूल केले आहे.