दिवेलागणीला आपोआप लागणारा प्रकाशसापळा

वळवाचा पहिला चांगला पाऊस पडला की हुमणीचे भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून वर येतात व कडुनिंब-बाभळीवर जमतात. पुढे माद्या जमिनीत अंडी घालतात आणि त्यांतून निघणाऱ्या अळ्या ऊस व भुईमूग यांच्या मुळ्या खातात. म्हणून अंडी पडण्यापूर्वीच भुंगेरे पकडणे इष्ट होय. परंतु नेमक्या त्याच वेळी शेतकरी धारा काढण्यात व वैरण टाकण्यात गुंतलेला असतो.

सौर प्रकाशसापळ्यातील प्रकाशसंवेदी स्विच ही अडचण दूर करतो. सिलिकॉनसारख्या अर्धवाहकातून अंधारात वीज फारशी वाहत नाही. प्रकाश पडताच त्यातील इलेक्ट्रॉन मोकळे होऊन ती वाहू लागते. सेलेनियम या पदार्थातील हा गुण विलोबी स्मिथ यांनी 1873 साली नोंदविला. सापळ्यात त्याचा उपयोग उलट रीतीने केलेला असतो. दिवसा हा प्रवाह चालू असेतो दिवा बंद राहतो. सांजावल्यावर तो घटला की दुसरा स्विच दिवा लावतो. काही सापळ्यांत सौर पॅनेलच हे डोळ्याचे काम करते.

एका शेतकऱ्याने माझ्याकडे तक्रार केली, की सापळ्याचा दिवा सारखा लुकलुकतो व भुंगेरे येत नाहीत. पाहिले तो दिव्याचाच उजेड त्या डोळ्यावर पडत होता. दिवा लागे, डोळ्यास दिवस उगवल्याचा भास होई आणि दिवा विझे. मध्ये पत्र्याचा आडोसा लावताच दोष नाहीसा झाला.

यावरून पुढील दक्षता घ्यावी :

1. डोळा मोकळ्या आकाशाकडे करावा. त्यावर रस्त्यावरील दिव्याचाही उजेड पडू देऊ नये.

2. डोळा व पॅनेल ओल्या फडक्याने पुसावे. डोळ्यावर धूळ साचल्यास दिवा दिवसाउजेडी लागून बॅटरी उतरते.

3. दिवा रात्रभर ठेवू नये. भुंगेऱ्यांची झुंबड ओसरल्यावर, साधारण दोन तासांनी, बंद करावा; अन्यथा उपयुक्त मित्रकीटकही मरतात. यासाठी वेळेचा स्विच असलेला सापळा घ्यावा.

4. खालच्या घमेल्यात रॉकेल मिसळलेले पाणी ठेवावे व सकाळी भुंगेरे मोजून नोंद करावी.

भुंगेरा बांध ओळखीत नाही. एकट्याने सापळा लावून भागत नाही. सर्व शिवाराने एकाच वेळी लावावा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसापूर्वीच प्रत्येक सापळ्याचा डोळा हाताने झाकून पाहावा. दिवा लागला, तर स्विच शाबूत आहे असे समजावे.