लोकेशन छान आहे, पण भरती कधी आहे?

कॉलेजची शॉर्टफिल्म म्हटलं की आधी कॅमेऱ्यावर चर्चा होते. कोणाच्या दादाकडे डीएसएलआर आहे, भाड्याने लेन्स किती रुपयांना मिळते, गिंबल हवाच का... या सगळ्यात "शूट कुठे करायचं?" हा प्रश्न शेवटी येतो आणि त्याचं उत्तर ठरलेलं असतं: "अरे, शिरगाव बीचवर जाऊ ना!" पालघर-बोईसरकडच्या मुलांसाठी हे उत्तर अगदी सोपं आहे. सुरूची बनं आहेत, लांबलचक किनारा आहे, किल्ला आहे आणि पालघर स्टेशनवरून रिक्षाने किंवा एसटीने पोहोचताही येतं.

उत्तर बरोबर आहे, फक्त अर्धवट आहे. जागा सुंदर असणं आणि जागा शूटिंगला योग्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींमधला फरक शोधायला जे फिरावं लागतं त्याला फिल्मवाले 'रेकी' म्हणतात. मित्रांकडून वर्गणी काढून एकच दिवस शूट करणार असाल तर रेकी टाळणं सगळ्यात महाग पडतं.

आधी कागद, मग किनारा

रेकीला निघण्यापूर्वी स्क्रिप्टचं ब्रेकडाऊन करा. प्रत्येक सीनसमोर लिहा: आत की बाहेर, दिवस की रात्र, पात्रं कोण, वस्तू कोणत्या, संवाद आहेत की नाहीत. स्क्रिप्टचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, हा जुना हिशोब आहे. आठ पानांची फिल्म आणि चार वेगवेगळ्या जागा असतील, तर निम्मा दिवस सामान हलवण्यातच जाईल, हे कागदावरच दिसतं. मग डोकं चालायला लागतं. नायिकेच्या घराचा सीन आणि किनाऱ्यावरचा सीन एकाच गावात झाला तर? चहाची टपरी पालघर स्टेशनजवळ शोधण्याऐवजी शिरगावातच मिळाली तर?

पंचांग उघडा!

हसू नका. किनाऱ्यावर शूट करणाऱ्यांना कॅमेऱ्याच्या मॅन्युअलइतकंच पंचांग लागतं. कोकणात जुना ठोकताळा आहे: तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. दुसऱ्या दिवशी हेच सगळं सुमारे 50 मिनिटं उशिरा.

याचा फिल्मशी संबंध काय? थेट आहे. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे सूर्य समुद्रात मावळतो. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास संध्याकाळी ओहोटी असते. पाणी लांब गेलेलं, ओली वाळू आरशासारखी चमकणारी. अष्टमीच्या आसपास मात्र सूर्यास्ताला भरती असते आणि लाटा जवळ येतात. तुमच्या सीनमध्ये एकटेपणा हवा आहे की धडक हवी आहे? त्यावरून तारीख ठरवा. एकच सीन दोन दिवसांत विभागून केलात आणि भरतीचा विचार केला नाहीत, तर एडिटिंगला बसल्यावर नायक एका शॉटमध्ये कोरड्या वाळूत आणि पुढच्यात घोटाभर पाण्यात उभा दिसेल.

आणि हे फक्त दिसण्यापुरतं नाही. भरतीच्या मधल्या दोन तासांत पाणी सगळ्यात वेगाने चढतं. सपाट किनाऱ्यावर ते समोरून येतंच, पण खोलगट भागातून मागूनही वेढतं. ट्रायपॉड सरळ करण्यात गुंतलेल्या टीमच्या ते लक्षातही येत नाही. म्हणून एका माणसाला त्या दिवशी एकच काम द्या: पाण्याकडे बघणं. ठोकताळ्यावर न थांबता त्या दिवशीची वेळ स्थानिक मच्छीमारांना विचारा. आणि "उधाण आहे, आज नको" असं ते म्हणाले, तर वाद घालू नका.

डोळे मिटून रेकी

फोटो सगळेच काढतात. त्यासोबत हेही करा: ठरलेल्या जागी दोन मिनिटं डोळे मिटून उभे राहा. वारा, लाटा, सुरूची सळसळ, रविवारच्या पर्यटकांचा स्पीकर, बाईक. डोळ्यांना शांत वाटणारी जागा कानांना बहुतेक वेळा शांत नसते. दुपारनंतर समुद्राकडून वारा वाढतो, त्यामुळे संवादाचे सीन सकाळी उरका, बिनसंवादाचे संध्याकाळी ठेवा. माइकला फरचं कव्हर नसेल तर संवाद घरातले लिहा. आणि रेकीला त्याच वारी, त्याच वेळी जा, ज्या वारी आणि वेळी शूट आहे. मंगळवारी सकाळी ओस असलेला किनारा रविवारी संध्याकाळी तसा नसतो.

फाळके आणि लाकडी तलवारी

परवानगीचा विषय निघाला की "स्टुडंट फिल्म आहे, कोण विचारतंय?" असं कोणीतरी म्हणतंच. त्याला हा किस्सा सांगा. 1913 मध्ये प्रदर्शित झालेल्या 'राजा हरिश्चंद्र'च्या बाह्य चित्रीकरणासाठी दादासाहेब फाळक्यांची मंडळी वांगणीला गेली. फाळके स्वतः मागाहून येणार होते. हातात तलवारी घेतलेली अनोळखी माणसं बघून गावच्या पाटलाला आणि फौजदाराला दरोडेखोर आल्याचा संशय आला आणि सगळ्यांना अडकवलं गेलं. फाळके आल्यावर त्यांनी कॅमेऱ्यात फिल्म न घालताच एक प्रसंग करून दाखवला, तेव्हा कुठे सुटका झाली, असं सांगितलं जातं. सिनेमा म्हणजे काय हेच तेव्हा लोकांना माहीत नव्हतं. आज माहीत आहे, पण किनाऱ्यावर खोटं पिस्तूल घेऊन पळणारा मुलगा लांबून आजही खराच दिसतो. सागरी सुरक्षेचा भाग आहे, पोलिसांना आधी लेखी कळवा.

शिरगावसाठी सुरुवात ग्रामपंचायतीपासून करा. किनाऱ्यासाठी महाराष्ट्र सागरी मंडळ आणि जिल्हा प्रशासनाकडे विचारणा करावी लागते. राज्याच्या चित्रनगरी महामंडळाची एक खिडकी योजना आहे, तिथे अर्जाची माहिती मिळते. रेल्वे स्टेशनवर सीन असेल तर पश्चिम रेल्वेच्या जनसंपर्क विभागाशी बोलणं आलं. कॉलेजच्या लेटरहेडवर प्राचार्यांच्या सहीचं पत्र प्रत्येक ठिकाणी लागेल, त्याच्या पाच-सहा प्रती जवळ ठेवा.

शिरगावचा किल्ला 1739 च्या वसई मोहिमेत मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला. तो तुमच्यासाठी सेट नाही. भिंतीत खिळा नको, तटावर रंग नको, बुरुजाच्या कडेवर उभं राहून संवाद तर नकोच. आणि ड्रोन? उडवण्यापूर्वी 'डिजिटल स्काय'च्या नकाशावर तो भाग कोणत्या झोनमध्ये आहे ते बघा. तारापूरला 1969 पासून अणुऊर्जा केंद्र आहे. त्या बाजूला कॅमेरा वळवायची हौससुद्धा नको. बोईसरच्या एमआयडीसीत कारखान्याच्या आत शूट करायचं तर कंपनीचं पत्र हवं.

गाव म्हणजे बॅकग्राउंड नाही

बांबूंवर सुकणारे बोंबील फ्रेममध्ये भारी दिसतात, मान्य. पण ती कोणाची तरी आठवड्याची कमाई आहे. तुमच्या ट्रायपॉडमुळे तिथलं काम तासभर थांबलं, तर तो तास त्या मावशींच्या पैशांतून जातो. आधी बोला, विषय सांगा, मग विचारा. 'नाही' आलं तर कॅमेरा खाली. मासेमारीचं वेळापत्रकही बघा: 1 जून ते 31 जुलै बंदी असते, त्या काळात समुद्रात फारशा होड्या दिसणार नाहीत.

बोलण्याचा अजून एक फायदा आहे. गावातल्या आजोबांनी सांगितलेली एक ओळ तुमच्या स्क्रिप्टमधल्या तीन पानांपेक्षा खरी निघू शकते. नागराज मंजुळेंनी नगरच्या कॉलेजात कम्युनिकेशन शिकत असताना 'पिस्तुल्या' ही शॉर्टफिल्म केली आणि तिला 58व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या पहिल्या नॉन-फीचर फिल्मचा पुरस्कार मिळाला. पुढे 'सैराट'साठी ते आपल्याच करमाळा तालुक्यात गेले. ती गावं काही पर्यटनस्थळं नव्हती. त्यांना ती आतून माहीत होती, एवढंच. आपण मात्र शिरगावला जाऊन 'गोवा वाटतंय' म्हणतो. शिरगाव शिरगावसारखं दिसेल अशी फिल्म कोण करणार? इथे राहणाऱ्यांनी नाही केली, तर बाहेरचे येऊन फक्त सूर्यास्त घेऊन जातील.

कॉलशीटवर हे हवंच

- जमण्याची वेळ, परतीची लोकल आणि तिच्यानंतरची लोकल. डहाणू मार्गावर गाड्या मुंबईसारख्या दर चार मिनिटांनी नाहीत.
- भरती-ओहोटी आणि सूर्यास्ताची वेळ. डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे पाचनंतर नवा सीन सुरू करू नका.
- रुग्णवाहिकेसाठी 108, पोलिसांसाठी 112 आणि सर्वात जवळचं रुग्णालय.
- मुलींसाठी कपडे बदलायची आणि टॉयलेटची सोय. ही रेकीतच ठरवा, शूटच्या दिवशी शोधू नका.
- पाणी, जेवण, चार्ज केलेल्या बॅटऱ्या, लेन्स पुसायचं कापड. खारट हवा काचेवर लगेच बसते.
- कचऱ्यासाठी दोन मोठ्या पिशव्या.
- प्लॅन बी: पाऊस, गर्दी किंवा नकार आला तर कोणता सीन करायचा.

येत्या रविवारी कॅमेरा घरी ठेवा. वही, पेन आणि एक मित्र घेऊन शिरगावला जा. वहीची चार पानं भरली नाहीत, तर अजून एक रविवार द्या. भाड्याची लेन्स त्यानंतर बुक करा.