बोर्डाचा ताप कोण मोजतं?
लिनक्समध्ये मदरबोर्डची नाडी ‘एचडब्ल्यूमॉन’ ड्रायव्हर पाहतात. बऱ्याच डेस्कटॉप बोर्डांवर नुवोटॉन किंवा आयटीई कंपनीची सुपर आय/ओ चिप असते. तिच्याकडून तापमान, व्होल्टेज आणि पंख्याच्या दर मिनिटाच्या फेऱ्या कळतात. खरी गोम व्होल्टेजची. १२ व्होल्ट चिपला थेट झेपत नाहीत, म्हणून बोर्डावरचे रेझिस्टर ते आधी उतरवतात. किती उतरवले, हे ड्रायव्हरला सहसा ठाऊक नसतं. ते गुणोत्तर ही मापं दाखवणाऱ्या ‘एलएम-सेन्सर्स’ या प्रोग्रॅमच्या कॉन्फिग फाइलमध्ये आपणच लिहायचं. तेव्हा १२ची लाइन ८ दाखवत असेल, तर पॉवर सप्लाय बदलण्याआधी मल्टिमीटर लावून पाहा. आणि तापमान उणे १२८ अंश दिसलं, तर घाबरू नका: चिपच्या त्या पिनला बहुधा सेन्सरच जोडलेला नाही.