लडाखमध्ये हिवाळ्यासाठी भाजीपाल्याची साठवण

उन्हाळी वाळवण आपल्या घरोघरी होते. परंतु वर्षातून चार-पाच महिनेच शेत पिकले आणि बाकीचे दिवस साठवणीवरच काढायचे ठरले तर? लडाखच्या शेतकऱ्याचे गणित हेच आहे. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर असून तेथे पाऊस व बर्फ मिळून वर्षाला साधारण १०० मि.मी. पाणी पडते. हिवाळ्यात तापमान उणे २० अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. बर्फ वितळून आलेले पाणी पाटाने शेतात घेतात. मे महिन्यात पेरलेले पीक सप्टेंबरपर्यंत घरात यावे लागते. जोजिला खिंडीतील रस्ता पूर्वी बर्फामुळे पाच-सहा महिने बंद राही. अलीकडे हा काळ बराच कमी झाला आहे. तरी विमानाने आलेली भाजी सर्वांना परवडत नाही. ऑक्टोबरातली हयगय फेब्रुवारीत ताटात दिसते.

बटाटा, गाजर, मुळा व सलगम तेथे जमिनीखालील खड्ड्यात ठेवतात. आपण माल उष्णतेपासून जपतो, तेथे तो गोठण्यापासून जपावा लागतो. वरची माती गोठली तरी खोलवरची माती उन्हाळ्यातील ऊब धरून असते, म्हणून खड्डा गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो. बटाटा गोठला की त्याच्या पेशी फुटतात आणि वितळताच तो पाणी सोडून सडतो. न गोठता फार थंड राहिला, तर स्टार्चची साखर होऊन गोडसर लागतो. सुमारे ४ अंश तापमान त्याला मानवते.

साठवणीपूर्वी बटाटे दहा-पंधरा दिवस अंधाऱ्या, हवेशीर जागी पसरावेत, म्हणजे साल पक्की होते व बारीक जखमा भरतात. उजेडात ठेवल्यास ते हिरवे पडून खाण्यास अपायकारक होतात. गाजराचा पाला कापावा, मुळे धुऊ नयेत व ओलसर वाळूच्या थरांत लावावीत. कुदळ लागलेला एकही नग आत जाऊ देऊ नये. एकाची कूज शेजाऱ्यांना लागते. ही निवड कंटाळवाणी खरी, पण निम्मे यश तिच्यात आहे. सफरचंद गाजराजवळ ठेवू नये. त्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने गाजर कडू होते.

कांदा मात्र या ओलसर खड्ड्यात टिकत नाही. आपल्या कांदाचाळीप्रमाणे त्यालाही कोरडी, खेळती हवा लागते.

पालेभाज्या सावलीत वाळवतात. हवा इतकी कोरडी असते की त्या लवकर सुकतात आणि रंगही बराचसा टिकतो. जर्दाळू उन्हात वाळवतात.

ताज्या भाजीसाठी खंदक हरितगृह उपयोगी ठरले आहे. लेह येथील 'डिफेन्स इन्स्टिट्यूट ऑफ हाय अल्टिट्यूड रिसर्च' या संस्थेने त्यावर काम केले आहे. सुमारे तीन फूट खोल चर खणून त्यावर लाकडी दांडे व पॉलिथिन टाकतात. काचेच्या महागड्या घरापेक्षा हे लहान शेतकऱ्याच्या आवाक्यातले आहे. दिवसा ऊन माती तापवते. सूर्य मावळण्यापूर्वीच वरून जाड आच्छादन घालावे, उशीर केल्यास दिवसभराची ऊब निघून जाते. पालक, मेथी, कोथिंबीर यांत घेता येते. पॉलिथिनच्या आतून थेंब साचू लागले, तर दुपारी थोडा वेळ एक टोक उघडावे.