एकट्या माणसाची कंपनी

मुलगा नोकरीला लागला की शेजारीपाजारी पेढे वाटायचे, ही आपल्या मध्यमवर्गाची जुनी रीत. पेढे आजही वाटले जातात. पण मुलाच्या किंवा मुलीच्या हाती आलेला कागद नेमणुकीचाच असतो असे नाही. पुष्कळदा तो करार असतो. त्यावरची महिन्याची रक्कम घसघशीत असते आणि खाली कुठेतरी बारीक अक्षरात लिहिलेले असते, की या करारामुळे मालक-नोकराचे नाते निर्माण होत नाही. वडील रक्कम पाहतात, आई कचेरी किती लांब आहे ते विचारते. ते बारीक वाक्य कोणी वाचत नाही.

पहिला महिना भरतो, दहा टक्के कापून पैसे जमा होतात आणि मग घरात चर्चा सुरू होते. अशा वेळी सल्ला देणारा एक मित्र असतोच. "अरे, कंपनी काढ. टॅक्स वाचतो!" कंपनी या शब्दाची आपल्याला मोठी भूल पडते. दारावर पाटी लागते, नावापुढे डायरेक्टर लागते, आणि लग्नाच्या बाजारातही त्याचे चार गुण जास्त मिळतात म्हणे. पण टॅक्स खरोखर वाचतो का? पाटीवाल्याला विचारण्यापूर्वी घरच्या घरी कागद-पेन्सिल घेऊन बसावे हे बरे.

त्याआधी ते बारीक वाक्य. लाख रुपये पगार आणि लाख रुपये फी या दोन सारख्या गोष्टी नव्हेत. पगारदाराच्या प्रॉव्हिडंट फंडात मालक आपला वाटा घालतो, त्याला भरपगारी रजा असते, पुढे ग्रॅच्युइटी असते. फी घेणाऱ्याला टायफॉइड झाला तर तेवढे दिवस कमाई बंद. म्हणून करारावरची रक्कम पगारापेक्षा बरीच मोठी असली, तरच ती खरी बरोबरीची.

आता नोकर कोण आणि स्वतंत्र व्यावसायिक कोण, हे नुसत्या कागदावरच्या नावाने ठरत नाही. पुण्याच्या ग्रँट मेडिकल फाउंडेशनच्या प्रकरणात हाच प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला होता. तिथल्या काही सल्लागार डॉक्टरांना मिळणारा पैसा हा पगारच आहे, असे प्राप्तिकर खात्याचे म्हणणे. २०१५ साली न्यायालयाने कराराच्या साऱ्या अटी एकत्र वाचून पाहिल्या आणि हे डॉक्टर नोकर नव्हेत, त्यांना मिळते ती व्यावसायिक फी, असा निर्वाळा दिला. तेव्हा मुलाच्या कराराकडेही याच नजरेने पाहावे. दुसरीकडचे काम घेण्याची मुभा आहे का? कामाची वेळ कोण ठरवतो? साधने कोणाची? रजेसाठी साहेबाची परवानगी लागते का? सगळी उत्तरे नोकरीकडे बोट दाखवत असतील, तर कंपनीचा विचार बाजूला ठेवून आधी मालकाशी बोलणे बरे.

धरून चालू, की मुलगा खराखुरा स्वतंत्र व्यावसायिक आहे. संगणकाच्या क्षेत्रात तांत्रिक सल्ल्याचे काम करतो, वर्षाची एकूण फी २४ लाख आणि खर्च ४ लाख. त्याने काहीच काढले नाही, ना कंपनी, ना भागीदारी, आपल्याच नावाने बिले दिली, तर काय होते?

काही व्यवसायांसाठी प्राप्तिकराच्या कायद्यात गृहीत उत्पन्नाची एक सोय आहे. १९६१ च्या कायद्यात ते ४४ एडीए कलम होते. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात त्याचा क्रमांक बदलला, सोय राहिली. वकील, डॉक्टर, इंजिनियर, वास्तुविशारद, हिशेबनीस, तांत्रिक सल्लागार, गृहसजावटकार, संगणक क्षेत्रातले व्यावसायिक अशांना ती मिळते. वर्षाची फी ५० लाखांच्या आत असावी. रोखीने आलेली रक्कम पाच टक्क्यांच्या वर नसेल तर ७५ लाखांपर्यंत चालते. कमीत कमी निम्मी फी उत्पन्न म्हणून दाखवायची, मग वह्या ठेवण्याची सक्ती नाही आणि हिशेबतपासणीही नाही. आगाऊ कराचेही चार हप्ते नाहीत. जो काही असेल तो १५ मार्चपर्यंत एकदम भरायचा.

आपल्या मुलाचे उत्पन्न झाले १२ लाख. २०२५-२६ या वर्षापासून नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर पडत नाही. म्हणजे कर शून्य! गिऱ्हाइकाने दहा टक्क्यांनी कापलेले २ लाख ४० हजार विवरणपत्र भरल्यावर परत येतात. (बँकेतल्या ठेवीचे व्याज मात्र मिळवायला विसरू नये, तेवढ्यानेही १२ लाखांची रेघ ओलांडली जाते.)

आता मित्राच्या सल्ल्याने कंपनी काढू. फी तीच, खर्च तोच, उरले २० लाख. ते सारे मुलाने पगार म्हणून घेतले, तर पगारदाराची ७५ हजारांची वजावट धरूनही कर होतो १ लाख ९२ हजार ४००. पगार न घेता पैसे कंपनीतच ठेवले, तर सवलतीच्या २२ टक्के दरानेही अधिभार आणि उपकर मिळवून सुमारे ५ लाख ३ हजार कंपनीने भरायचे. आणि पुढे तो पैसा लाभांश म्हणून घरी आणला की त्यावर मुलाने पुन्हा आपला कर द्यायचा. उलाढाल कितीही लहान असो, हिशेबतपासणी दरवर्षी सक्तीची. तिची फी वेगळीच.

या हिशेबाला अपवाद आहेत. अनुवादक, शिकवण्या घेणारे किंवा चित्रकार यांचे व्यवसाय त्या यादीत नावाने नाहीत. त्यांनी परस्पर निम्म्याचा हिशेब न लावता सी.ए.ला विचारावे. ज्याचा खर्चच निम्म्याहून जास्त आहे, त्याला वह्या ठेवून खरा नफा दाखवणे भाग आहे. आणि घर घ्यायचे मनात असेल तर आणखी एक गोष्ट: विवरणपत्रात निम्मे उत्पन्न दाखवले, की बँकही कर्जाचा विचार त्या निम्म्यावरच करते. कर वाचला म्हणून आनंदलेली मंडळी गृहकर्जाच्या टेबलाशी येऊन खट्टू होतात, ती यामुळे.

फी वर्षाला २० लाखांच्या वर गेली की जी.एस.टी.ची नोंदणी करावी लागते; त्यात एकटा आणि कंपनी असा भेद नाही. महाराष्ट्रात व्यवसाय करही आहेच, वर्षाला २,५०० रुपये. नोकरीत तो मालक पगारातून कापून परस्पर भरत असे, म्हणून स्वतःची नोंदणी करायची हे पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही.

मग कंपनी कोणी काढावी? ज्याला माणसे ठेवायची आहेत, बाहेरचे भांडवल घ्यायचे आहे, ज्याच्या कामात नुकसानभरपाईचा दावा लागण्याची भीती आहे, किंवा ज्याचे मोठे गिऱ्हाईक व्यक्तीशी करारच करत नाही, त्याने. २०१३ च्या कंपनी कायद्याने एकट्या माणसालाही कंपनी काढता येते, नाहीतर खासगी कंपनीला दोन भागधारक आणि दोन डायरेक्टर लागतात. दोघे मित्र मिळून काम करत असतील तर २००८ च्या कायद्याखालची मर्यादित जबाबदारीची भागीदारी आहे. उलाढाल ४० लाखांच्या आणि भांडवल २५ लाखांच्या आत असेल तर त्या कायद्याने तिला तपासणी लागत नाही. पण तिच्या नफ्यावर ३० टक्के कर पहिल्या रुपयापासून आणि निम्म्या उत्पन्नाची ती सोय तिला नाही. साध्या भागीदारीला मात्र आहे. मर्यादित जबाबदारीचेही फार कौतुक नको. लहान कंपनीला कर्ज देताना बँक डायरेक्टरची वैयक्तिक हमी मागतेच.

सगळ्यात मोठा घोळ होतो तो पैशाचा. कंपनी ही कायद्याने वेगळी व्यक्ती आहे. तिचा पैसा तिचा. घरी फ्रीज घ्यायला कंपनीच्या खात्यातून उसने काढले, तर कंपनीच्या साठलेल्या नफ्यापुरती ती रक्कम लाभांश समजून मालकावर कर बसू शकतो. "माझीच कंपनी, माझेच पैसे" हे उत्तर प्राप्तिकर अधिकाऱ्यापुढे चालत नाही.

आणि गृहिणींनी विशेष लक्ष द्यावे अशी एक बाब. दुसरा डायरेक्टर हवा म्हणून आईची किंवा बायकोची सही घेतली जाते. "नुसती सही आहे गं, तुला काही करायचं नाही." पण कायद्यात नुसत्या सहीचा डायरेक्टर असा प्रकारच नाही. कंपनीने ओळीने तीन वर्षे हिशेब आणि वार्षिक पत्रके दाखल केली नाहीत, तर साऱ्याच डायरेक्टरांना पाच वर्षे अपात्र ठरवतात. २०१७ साली सरकारने अशा तीन लाखांवर डायरेक्टरांची नावे जाहीर केली होती. म्हणजे मुलाचे काम थंडावले, तो परत नोकरीला लागला आणि कंपनी कपाटात पडून राहिली, तरी आईचे नाव त्या यादीत जाऊ शकते. शिवाय उशिराचा दंड दर पत्रकाला, दिवसाला १०० रुपये.

कपाटातली कंपनी आपोआप मरत नाही. ती बंद करायला आधी थकलेली पत्रके भरावी लागतात, मग बँकेचे खाते बंद करून सी.ए.ने प्रमाणित केलेला हिशेब, प्रत्येक डायरेक्टरचे प्रतिज्ञापत्र आणि हमीपत्र जोडून अर्ज करावा लागतो. त्यावर आईची सही पुन्हा लागतेच.