कीड किती काढायची?

दाढेतली कीड खोलवर गेली की पुढचे ठरलेलेच आहे, असा सर्वसाधारण समज असतो. पैसे असतील तर रूट कॅनाल, नसतील तर दाढ काढायची. चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यात दातांवर उपचार करताना ‘काढूनच टाका ना डॉक्टर’ हे वाक्य मला जवळजवळ रोज ऐकू येते. पण या दोन टोकांच्या मध्ये बरीच जागा आहे, आणि गेल्या काही दशकांत दंतवैद्यकाने जे नवे शिकून घेतले ते याच जागेविषयी आहे.

दाताचे बाहेरचे कवच म्हणजे एनॅमल. त्याखाली सूक्ष्म नलिकांनी भरलेले डेंटिन, आणि सर्वांत आत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला जिवंत गाभा, म्हणजे पल्प. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात, आम्लाने दातातली खनिजे विरघळतात आणि खड्डा आत सरकत जातो. मात्र पल्प स्वस्थ बसत नाही. कीड जवळ येऊ लागली की तो आतून डेंटिनचा नवा थर चढवू लागतो. म्हणून आमच्यापुढचा पहिला प्रश्न खड्डा किती खोल आहे हा नसतो. आतला पल्प अजून सावरू शकेल का, हा असतो.

पल्प डोळ्यांना दिसत नाही. त्याची अवस्था अंदाजानेच ताडावी लागते. दाताला गार बोळा लावायचा. कळ आली आणि बोळा काढताच काही सेकंदांत थांबली, तर आशा आहे. कळ रेंगाळत राहिली, किंवा दाढ आपोआप ठणकून रात्रीची झोप मोडत असेल, तर आतली सूज बरीच पुढे गेलेली असते. काहीच जाणवले नाही, तर बहुधा पल्प मेलेला आहे. जोडीला दातावर हलकेच ठोकून पाहतो आणि एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळसर डाग आहे का, ते बघतो. दुखऱ्या दाढेशी लवंग, कधी खर्राही धरून दिवस काढणारे लोक इथे भेटतात. मग एक दिवस ठणका थांबतो आणि दाढ बरी झाली असे वाटते. प्रत्यक्षात अनेकदा तो पल्पचा मृत्यू असतो. गळू नंतर येते.

पल्प जिवंत असेल तर दुसरा प्रश्न येतो : कीड किती काढायची? सगळी, कडक डेंटिन लागेपर्यंत, हे अमेरिकी दंतवैद्य जी. व्ही. ब्लॅक यांच्या परंपरेतले जुने उत्तर. पण खोल खड्ड्यात तसे कोरत गेले की पल्पच उघडा पडतो. 2016 मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने वेगळी शिफारस केली. खड्ड्याच्या कडा पूर्ण स्वच्छ करायच्या, पल्पवरचा मऊ थर मात्र तसाच ठेवायचा आणि वरून घट्ट सिमेंट भरायचे. आत अडकलेल्या जंतूंना अन्न मिळत नाही, कीड थंडावते. घरात चोर ठेवून दार लावल्यासारखे हे वाटते खरे. पण कडा घट्ट बसल्या असतील तर चोर उपाशी राहतो.

तिसरा प्रश्न पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकतो : रुग्ण परत येईल का? एका पद्धतीत तात्पुरते सिमेंट भरून काही महिन्यांनी दात पुन्हा उघडतात आणि उरलेली कीड काढतात. भामरागडच्या माणसाला ती तारीख कशी द्यायची? पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद, पावसाळ्यात रोवणी, उन्हाळ्यात तेंदूपत्ता. तो आला नाही तर तात्पुरते सिमेंट झिजते आणि कीड पुन्हा सुरू होते. ब्राझीलमधल्या सार्वजनिक दवाखान्यांत मारिसा माल्त्झ आणि सहकाऱ्यांनी दोन्ही पद्धतींची तुलना केली. तीन वर्षांनंतर, एकाच भेटीत थोडी कीड ठेवून कायमचे भरलेल्या दातांपैकी 91 टक्के जिवंत होते. दोन टप्प्यांच्या पद्धतीत 69 टक्के. मोठे कारण हेच की अनेक रुग्ण दुसऱ्या भेटीला आलेच नाहीत. आमच्या जंगलातल्या अडचणीचे उत्तर असे दूरच्या देशातून आले.

दूरच्या रुग्णाची दाढ अर्धवट रूट कॅनाल करून सोडण्यापेक्षा काढणे कधी कधी अधिक प्रामाणिक ठरते, हेही खरे. पण मुलांच्या बाबतीत घाई नको. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. आधी काही पडलेले नसल्यामुळे आईवडील तिला दुधाचीच समजतात आणि कीड लागली तर ‘पडणारच आहे’ म्हणून सोडून देतात. ती आयुष्यभराची दाढ असते. तिची मुळे पूर्ण व्हायला आणखी सुमारे तीन वर्षे लागतात, आणि ती वाढवतो जिवंत पल्पच. म्हणून आठ वर्षांच्या मुलीच्या त्या दाढेत मी थोडी कीड मुद्दाम ठेवून सिमेंट भरते. तिच्या आईला शंका येते, ‘सगळी काढली नाही का?’ मी एक्स-रे समोर धरून मुळांची उघडी टोके दाखवते. त्यांना बंद व्हायला अजून वेळ हवा आहे, एवढे सांगितले की बहुतेक आयांना ते पटते.